जिवंत झालेला कोळसा

प्रिय बाबा,

तू बरा आहेस ना? थांब, लगेच 'मस्त' म्हणू नकोस. फोनवर तू तेच म्हणतोस आणि मी पुढचं काही विचारायच्या आत 'बरं, तिकडे थंडी किती पडलीय' असं काहीतरी काढतोस. आणि आता तर फोन आत्याच उचलते. 'झोपलाय गं तो.' भर दुपारी? दुपारी झोपणाऱ्या माणसांना आयुष्यभर नावं ठेवणारा माझा बाप झोपलाय? आत्याचा आवाजही बरोबर नव्हता. एरवी ती माझ्याशी कशी बोलते ते तुला माहीत आहे, 'कुठे उलथलीस, लग्नाचं काय, केस कापलेस की काय परत.' यावेळी मला 'बाळ' म्हणाली. म्हणून पत्र लिहितेय. पत्राला मध्येच थंडीचं विचारता येत नाही. मला तुला एकच गोष्ट विचारायची आहे आणि ती तू लपवतो आहेस हे मला कळलंय. कसं कळलं ते आधी सांगते, म्हणजे 'तुला कुणी सांगितलं' म्हणून आत्यावर चिडायला नको. तिने काही सांगितलेलं नाही. मला कोळशाने सांगितलं.

हसू नकोस. तू इथे आलास तेव्हा आमच्या लॅबमध्ये काय चालतं ते मी तुला सांगत होते, पण तुझं लक्ष होतं कुठे? पाहुण्यांच्या खोलीत बसलास आणि बसल्या बसल्या खिडकीच्या चौकटीचा रंग नखाने खरवडलास. वर पांढरा, खाली पिस्ता, त्याखाली निळा. 'हा निळा मारला तेव्हा मालक डोक्यावर उभा होता बघ, अस्तरच दिलेलं नाही.' मग पोपडा खिशात टाकलास, जणू कुणाला दाखवायचाय. मी लाजेने मेले होते, कारण प्रमुखबाई दारात उभ्या होत्या. पण त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'आम्हीही हेच करतो, फक्त आमच्या नखाला वेळ फार लागतो.' त्यांना एवढं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या आमच्या लॅबच्या मुख्य. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि एखाद्याने हात न धुता दार उघडलं तर त्याला अख्ख्या मजल्यासमोर हात धुवायला लावणाऱ्या.

तर परत सांगते, आता तरी ऐक. झाड असो, जनावर असो, माणूस असो, जिवंत असेपर्यंत हवेतला आणि अन्नातला कार्बन अंगात घेत असतं. त्यात एक अगदी नखाएवढा हिस्सा, नखसुद्धा फार झालं, अशा कार्बनचा असतो जो आपोआप विझत जातो. जीव गेला की नवा यायचा थांबतो आणि आत आहे तो शतकानुशतकं विझत राहतो. जुन्या वस्तीतलं हाड किंवा चुलीतला कोळसा आला की त्यात तो किती उरलाय हे मोजायचं, म्हणजे ते झाड कधी तुटलं, ते जनावर कधी मेलं, ते कळतं. मोजायचं यंत्र वेगळ्या हॉलमध्ये आहे, तिथे मला कुणी फिरकू देत नाही. माझं काम त्याच्या आधीचं. घासायचं, धुवायचं, आम्लात ठेवायचं, मग अल्कलीत, परत आम्लात, म्हणजे मातीतून आत शिरलेली नंतरची सगळी घाण निघून जाते. थोडक्यात धुणीभांडी, बाबा. कॉलेज सोडून फिरत होते, होडीवर तिकिटं फाडली, अळंबीच्या शेडमध्ये राहिले, मग एका खोदकामावर माती चाळायला लागले आणि तिथून इथे. तू म्हणायचास, या भिंगरीला कधी एका जागी उभी राहिलेली पाहिली नाही. इथे उभी राहिले. या कामात मला पहिल्यांदाच कंटाळा आला नाही. भरकटले. कोळशावर येते.

दर खेपेला खऱ्या नमुन्यांबरोबर आम्ही खाणीतल्या दगडी कोळशाचा एक तुकडाही तसाच धुऊन यंत्रात घालतो. तो कोळसा इतका जुना की त्यातला तो विझणारा कार्बन कधीच संपलाय. त्याचं काम एकच, मेलेलं राहणं. यंत्राने म्हणायचं, इथे काही नाही. तसं म्हटलं की बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा. आम्ही त्याला 'आजोबा' म्हणतो. आठवलं का? मी वजन करत होते, तू दारातून आत आलास आणि मी बरणी दाखवली तेव्हा म्हणालास, 'एवढे जुने आजोबा? मग पाया तरी पडू दे.' बरणीवर वाकलास, अगदी नाक लागेपर्यंत, आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसलास की तुला ठसका लागला. मी पाठीवर हात फिरवला. शर्टाखाली तुझी पाठ हाताला लागली. हाडं लागली. मला वाटलं, वय.

तू गेल्यावर पुढच्या खेपेला आजोबा जिवंत झाले.

म्हणजे काय ते सांगते. यंत्रवाल्यांनी वरून कागद पाठवला की तुमचा मेलेला कोळसा मेलेला नाही. प्रमुखबाई म्हणाल्या, धुण्यात चूक झाली असेल, दुसरा तुकडा घ्या. दुसरा घेतला. तो पहिल्यापेक्षा ताजा निघाला. मग त्यांनी कपाटातली नवी, सील असलेली बरणी स्वतः फोडली, आणि मी त्यातला तुकडा धुतला. तोही. बाबा, मी भुताखेतांना घाबरणाऱ्यातली नाही, पण त्या दिवशी माझी त्या बरणीला हात लावायची छाती झाली नाही. कोट्यवधी वर्षं जे मेलंय ते रोज थोडं थोडं तरुण होतंय. काचेआड काळे खडे, दिसायला तेच. वास नाही, रंग नाही. कुठून येतंय कळत नाही, आणि कुठेही असू शकतं, नळावर, दाराच्या मुठीवर, माझ्या बोटांवर. लोक एकमेकांच्या हाताकडे बघायला लागले. चहाला कुणी कुणाचा कप उचलेना.

आणि आजोबा खोटं बोलले की सगळेच खोटे. त्या खेपेत एका बाळाच्या बरगड्या होत्या. मडक्यात ठेवून पुरलेलं बाळ, बरगड्या काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या. हाडातलं जे मोजायचं ते जाळून मोजावं लागतं. जळलं ते गेलं, परत मिळत नाही. ज्या बाईंनी ते खणून काढलं होतं त्यांचा फोन आला, आणि प्रमुखबाई दार लावून कितीतरी वेळ बोलत होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी चष्मा हातात धरला होता. सगळ्यांचा संशय काचवाल्यावर गेला. काचवाला म्हणजे आमच्याकडे काचेच्या नळ्यांच्या जाळ्यात नमुन्यांचा वायू करून त्याची काजळी करणारा माणूस. तोंडाने फटकळ, पण मला काम त्यानेच शिकवलं. 'माझ्या नळ्या तुमच्या तोंडांपेक्षा स्वच्छ आहेत,' असं तो यंत्रवाल्यांच्या तोंडावर म्हणाला आणि परत येऊन सगळं जाळं उतरवून एकेक नळी भट्टीत भाजायला लागला. बायकोचं बाळंतपण तोंडावर आलंय त्याच्या. दुपारी डबासुद्धा उघडत नव्हता. माझ्याशी एकच वाक्य बोलला, 'माझ्याकडून झालं असेल तर मी जाईन गं, पण कुठून झालं ते तरी कळू दे.'

मग प्रमुखबाईंनी शोध सुरू केला. ओले केलेले छोटे गोल कागद घ्यायचे, प्रत्येक वस्तूवर पुसायचे आणि मोजायचे. आणि प्रत्येकाला खोलीत बोलावून विचारलं, दवाखान्यात गेला होतात का? काही गोळी, इंजेक्शन, तपासणी? कारण हा जो कार्बन आम्ही चिमटीत शोधत असतो, तोच दवाखान्यात मुद्दाम वापरतात. माणसाला त्याने काही होत नाही, एका एक्स-रेहूनही कमी. पण आमचं यंत्र म्हणजे श्वास रोखून कुजबुज ऐकत बसलेला माणूस, आणि हा म्हणजे त्याच्या कानाशी वाजलेला भोंगा. तसा माणूस लॅबमध्ये नुसता येऊन बसला तरी पुरे. म्हणून तर आमच्याकडे रीत आहे. येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी नळ दुरुस्त करणाऱ्यालाही, फाटकातच विचारायचं. हो म्हणाला तर त्याला बाहेरच्या बाकावर बसवायचं आणि चहा तिथेच द्यायचा. कुणाचा अपमान नाही त्यात.

कागदांचे आकडे आले. काचवाल्याच्या नळ्या खरोखरच त्याच्या म्हणण्याइतक्या स्वच्छ होत्या. बाकी सगळीकडे थोडं थोडं. पण पाहुण्यांच्या खोलीतला एक कप, त्या बाजूच्या संडासातला नळ, माझा एप्रन आणि माझं कपाट, इथे आकडा एवढा की यंत्रवाल्यांनी मोजणं थांबवून विचारलं, हे काय पाठवलंय? सगळे माझ्याकडे वळले. मला बाटली दिली, लघवी तपासायला. त्यानंतर आकडा येईपर्यंत मी जे दिवस काढले ते माझं मला माहीत. वाटलं, माझ्याच आत काहीतरी आहे. कुठल्या गावात काय प्यायले, कुठे काय हुंगलं. आरशासमोर उभी राहून जीभ बाहेर काढून बघायचे. आता सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

माझा आकडा आला. माझ्यात काही नाही. कुणातही असतो एवढाच. प्रमुखबाईंनी जिन्यात गाठून सांगितलं आणि मी त्यांना मिठी मारली, त्यांना! त्या खांबासारख्या उभ्या. मी दोनदोन पायऱ्या उतरत खाली आले, आणि मधल्या वळणावर माझे पाय जागच्या जागी थांबले. माझ्यात नाही. मग कपाटात काय आहे?

कपाटात तुझा मफलर आहे, बाबा. निघताना तू माझ्या गळ्यात घातलास तो. 'मला उकडतंय' म्हणालास, अशा थंडीत. मी तो रोज घालून येते, वर एप्रन चढवते. मी खालच्या पायरीवर बसले आणि सगळं एकेक करून समोर यायला लागलं. मला ते नको होतं, पण ते थांबेना. फाटकात मी तुला विचारलं होतं. हसतच विचारलं, कारण रीत आहे म्हणून, पाहुणा माझाच बाप आहे म्हणून, 'काय हो, दवाखान्यात वगैरे गेला होतात का एवढ्यात?' तू म्हणालास, 'दवाखाना? अगं, रंगाऱ्याला फक्त पोपडे सुटतात, त्याला डॉक्टर काय करणार, पुट्टी भरणार?' आणि रखवालदारही हसला. एवढं चटकन उत्तर तू एरवी कधी देत नाहीस. साधा चहा हवा का विचारलं तरी तू आधी छताकडे बघतोस. म्हणजे ते उत्तर घरून तयार करून आणलं होतंस.

मग तुझा पट्टा. आता मला सवयच लागलीय, कुठल्याही वस्तूकडे बघितलं की आधी काय झालं, नंतर काय झालं, ते दिसतं. तुझ्या पट्ट्याचं नेहमीचं भोक काळपट, लांबट झालेलं, बकलाने ओढून ओढून. त्याच्या आत एक भोक, कडा जरा मऊ पडलेल्या. आणि त्याच्याही आत आणखी एक, खिळ्याने पाडलेलं, कडा पांढऱ्या, कच्च्या. एवढं ताजं की चामड्याचे तंतू अजून वर उभे होते. हे मी पाहिलं होतं. पाहिलं आणि म्हणाले काय, तर 'बारीक झालास, छान दिसतोस.' खाणावळीत तू अर्धं ताट माझ्याकडे सरकवलंस आणि म्हणालास, तू खा, तुझ्या वयात भूक लागते. मी खाल्लं, बाबा. दोन्ही ताटं खाल्ली, आणि तू समोर बसून बघत होतास, पाण्याचे घोट घेत, पोटावर हात ठेवून. इतक्या वर्षांत तू कधी माझ्याकडे आला नव्हतास. मीच कधीतरी धूमकेतूसारखी घरी. यावेळी न सांगता आलास, आणि जाताना माझ्या खोलीच्या भिंतीवर हात फिरवून म्हणालास, 'ओल नाहीये, चांगली आहे खोली, राहा इथे.' मला तेव्हा तो आशीर्वाद वाटला. माणूस असं कधी बोलतो?

काल मी प्रमुखबाईंच्या खोलीत गेले आणि सांगितलं. काचवाला नाही, मीही नाही, माझे वडील. ते आले, आजोबांच्या बरणीवर हसले, त्यांचा मफलर माझ्या गळ्यात आहे. मला वाटलं, आता हाकलतील. त्या कितीतरी वेळ हातातलं पेन टेबलावर सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, एक तपासणी असते, छोटी कॅप्सूल गिळायची आणि थोड्या वेळाने फुग्यात फुंकायचं, पोटात एक जंतू आहे का ते बघायला. कितीतरी लोकांना असतो. पंधरवडाभर गोळ्या, की बरा. मी म्हटलं, मग लपवायचं कशाला? त्यांना खोटं बोलता येत नाही, लॅबमध्ये राहून राहून तसं झालंय. म्हणाल्या, 'कधी कधी डॉक्टर तेवढ्यावर थांबत नाहीत. आत नळी घालून बघायला सांगतात. ते काय म्हणाले ते तुझ्या वडिलांनाच माहीत.' आणि मग विचारलं, 'कसे आहेत ते आता?' बाबा, जळलेल्या बरगड्यांचं काही नाही, वाया गेलेल्या कामाचं काही नाही, पहिलं तेच विचारलं त्यांनी. हजारो वर्षांपूर्वीचं बाळ कधी गेलं ते आम्ही सांगतो, आणि माझा बाप आज सकाळी उठला का, काय खाल्लं, ते मला माहीत नाही.

मला कशाची भीती वाटते ते तुला ठाऊक आहे. आईच्या वेळी तू म्हणाला होतास, आई हवापालटाला गेलीय. मला आत्याकडे ठेवलंस, खूप खेळणी आणलीस, आणि मी रोज शाळेतल्या मुलींना सांगायचे की माझी आई डोंगरावर आहे. मला घरी आणलं तेव्हा आई नव्हती, आणि तू पूर्ण घराला रंग दिला होतास. प्रत्येक खोली. आईच्या खाटेमागे भिंतीवर तेलाचा डाग होता, तोही नाही. तू ते माझ्यासाठी केलंस, मला माहीत आहे, तुला दुसरं काय येत होतं? मी तुला कधी बोलले नाही आणि आताही भांडायला लिहीत नाही. पण तेव्हापासून मी कुठल्याही घरात बॅग पूर्ण उघडत नाही. वाटतं, मी वळले की मागे कुणीतरी रंग मारेल.

तर हे पत्र कशासाठी. लॅब बंद ठेवून सगळं घासायचं ठरलंय, आणि मफलर, एप्रन आणि मी, तिघांना सध्या आत यायला बंदी आहे. मी घरी येतेय. हे सांगायलाच लिहितेय, कारण न सांगता आले तर तू दार उघडताना तयार हसू घेऊन उभा राहशील, आणि फोन करून सांगितलं तर 'कशाला उगाच' म्हणशील. पत्र मिळेल तेव्हा मी गाडीत असेन, नको म्हणायची सोय नाही. औषधांच्या बाटल्या फळीवरून उचलू नकोस. आत्याला खुणा करू नकोस. आणि बाबा, दार उघडल्या उघडल्या तू माझ्या हातातली बॅग ओढून घेतोस आणि विचारतोस 'किती दिवस?', तसं यावेळी नको. मी उंबऱ्याबाहेर उभी राहीन. डॉक्टर काय म्हणाले ते तिथेच सांग, जसं म्हणाले तसं, त्यांच्याच शब्दांत. साधा जंतू असला तरी सांग आणि नसला तरी सांग. मी खूप घाबरलेली असेन, कदाचित रडेन, शेजारी बघतील, बघू देत. पण मी पळून जाणार नाही. तुझं सांगून झालं की मग बॅग आत घे. जड आहे. सगळं सामान आणलंय.

तुझीच, दारात उभी असलेली,
भिंगरी